पांढरी म्हैस

ही गोष्ट मी कुणाजवळ बोललेली नाही. आमच्या ह्यांच्याजवळ नाही, माझ्या आईजवळ नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा मी तिला वळसा घालून पुढे गेले आहे — समोरून नको असलेला माणूस येताना दिसला की आपण गल्ली बदलतो ना, तशी.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाही. पण बसले आहे लिहायला, तर लिहिते.

आधी एक सांगून टाकते, कारण त्याचा या सगळ्याशी संबंध आहे. मी आर्णीकडच्या एका खेड्यातली, कपाशी-तुरीच्या घरातली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. मी यवतमाळच्या कॉलेजातून बी.ए. झाले. गावातली पहिली. त्याचा मला अभिमान आहे, आजही आहे, आणि तो मी लपवत नाही. कॉलेजातल्या वादविवादात मी एकदा विटाळाच्या चालीविरुद्ध बोलले होते. बाईनं महिन्याचे दिवस कोपऱ्यात बसून काढावेत, कशाला शिवू नये, हा अडाणीपणा आहे असं ठणकावून सांगितलं होतं. टाळ्या पडल्या होत्या. पहिलं बक्षीस मिळालं होतं. हे लक्षात ठेवा.

लग्न होऊन मी यवतमाळातच कापसाच्या अडत्याच्या घरी आले. सासऱ्यांना मी मामाजी म्हणते, सासूबाईंना आत्याबाई. आणि घरात होत्या यमुताई — ह्यांच्या थोरल्या बहीण.

यमुताईंचं लग्न वणीकडच्या एका गावात झालं होतं. नवरा दोन पावसाळ्यांत गेला. मूलबाळ नाही. सासरी दिरानं त्यांना गोठ्याच्या बाजूच्या खोलीत टाकलं, शेतात राबवलं, आजारी पडल्या तेव्हा मामाजी जाऊन बैलगाडीत घालून घेऊन आले. तेव्हापासून त्या माहेरी. स्वयंपाकघर त्यांच्या हातात, कोठीच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला. दीर मात्र अधूनमधून निरोप धाडायचा — आमचं माणूस आम्हाला परत द्या. माणूस म्हणजे काय, दोन हात. मामाजी टाळायचे. असा निरोप आला की संध्याकाळी यमुताई मला म्हणत, "विमल, तू शिकलेली आहेस वं. तुह्या मामाजीले सांग, मले तिकडं नको धाडू म्हनाव."

मी सांगेन म्हणायचे. तेव्हा मनापासून म्हणायचे.

आता त्या फ्रिजचं.

जिनिंगच्या एका कारखान्याचा गोरा मॅनेजर विलायतेला परतला, तेव्हा त्यानं घरातलं सामान विकायला काढलं. मामाजींनी फ्रिज घेतला. चांगला जुना होता, पण आमच्या आळीत तसा दुसरा नव्हता. चार माणसांनी उचलून आणला. आत्याबाईंनी त्याच्या दारावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं, ते पुढे कधी पुरतं निघालं नाही. यमुताई विधवा, त्या लांब उभ्या राहून बघत होत्या. फ्रिज सुरू झाला, थरथरला, घुरघुरायला लागला, तशा त्या म्हणाल्या, "अव माय! ही तं पांढरी म्हैस आनली तुमी!"

तेच नाव पडलं. म्हैस आज किती बर्फ देऊन राह्यली? म्हैस काहून गुरगुरून राह्यली? पोळ्याला बैल सजले तेव्हा यमुताई मला म्हणाल्या, "हिच्याबी कपाळाले लाव वं काही. बाशिंग बांध." आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो.

फ्रिजबरोबर इंग्रजीतली एक पुस्तिका आली होती. घरात ती वाचू शकणारी मी एकटी. ह्यांचं शिक्षण मॅट्रिकपर्यंत, त्यांना धंद्यातून सवड नाही. तेव्हा म्हैस माझी झाली. मी पुस्तिका वाचली, आणि एक दिवस सगळ्यांना उभं करून समजावलं. वरच्या बाजूला जो बर्फाचा कप्पा आहे, त्याच्या भोवती गारठ्याचा पांढरा थर साचतो. तो बोटभर जाड झाला की काढायचा. आधी बटण बंद करून वायर भिंतीतून काढायची. ओल्या हातानं वायरला शिवायचं नाही. आतलं दूध-लोणी बाहेर काढून ओल्या फडक्यात झाकून ठेवायचं. कप्प्यात गरम पाण्याचं पातेलं ठेवून दार उघडं टाकायचं आणि वाट बघायची. थर आपोआप सुटतो, पापडासारखा. राहिलेला असेल तर लाकडी पळीनं हळूच. मग कोमट पाण्यात खायचा सोडा घालून आतून पुसायचं, साबण नाही, त्याचा वास दुधाला लागतो. दाराच्या रबराच्या घडीत ओल राहू द्यायची नाही. मागच्या जाळीवरची धूळ केरसुणीनं झाडायची, आणि म्हैस भिंतीला टेकवायची नाही, तिला श्वास घ्यायला जागा ठेवायची.

आणि लोखंड — लोखंड कधीच लावायचं नाही. थराच्या मागे नळ्या असतात. नळीत वायू असतो.

हे मी इतक्या वेळा सांगितलं होतं की आत्याबाईंना पाठ झालं होतं. मी म्हैस धुवायला काढली की शेजारच्या बायका बघायला यायच्या. मी पदर खोचून, बाह्या वर सारून, भाषण देत देत धुवायची. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

यमुताईंना शिकायचं होतं. "ह्या म्हशीच्या पोथीत काय लिवलं, ते मलेबी वाचाले शिकव," असं त्या एकदा म्हणाल्या. मी हसून म्हटलं, "यमुताई, ते इंग्रजी आहे. आधी मराठी तर येऊ द्या." मग मराठी शिकवते म्हटलं. तेही राहिलं. धुवायच्या कामाला मात्र मी त्यांना हात लावू दिला नाही. पाणी तापवून आणा, सोडा आणा, फडकं पिळून द्या — एवढंच. त्यांना येत नव्हतं म्हणून? नाही. त्यांना आलं असतं, म्हणून.

त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला. अधिक महिन्यात जावयाला धोंड्याचं जेवण घालायचं असतं, पुरणाचे धोंडे, वाण, नवे कपडे. आमच्या धाकट्या नणंदेचे यजमान पहिल्यांदाच अधिकाला येणार होते. उन्हाळा असा की दुपारी गुरं सावली सोडत नव्हती. मामाजींनी आठ दिवस आधीपासून अडतीवर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, जावयाला बर्फ घातलेला आमरस वाढणार म्हणून. ह्यांचे दोन मित्र, मामाजींचे व्यापारी, सगळे पंगतीला येणार होते.

आणि नेमकी मी दूर बसले.

आमच्याकडे ते दिवस मागच्या पडवीतल्या खोलीत काढायचे असतात. वेगळं अंथरूण, वेगळा तांब्या. देवघराला, लोणच्याला, पापडाला शिवायचं नाही — आणि म्हैस आल्यापासून तिलाही नाही, कारण तिच्या पोटात नैवेद्याचं दूध असतं. कॉलेजातलं ते भाषण? आठवत होतं. पण इथे मी कधी तोंड उघडलं नव्हतं. नवी सून होते — असं मी मनाला सांगायची. खरं सांगायचं तर ते तीन दिवस कामातून सुट्टी मिळायची, त्यातही मला काही वाईट वाटत नव्हतं.

थर साचला होता. मी बसण्याच्या आधीच तो काढायला हवा होता, पण मी लांबवलं — बायका जमतील अशा दिवशी काढू म्हणून. आता तो पाट्याएवढा जाड झाला होता आणि बर्फाचे दोन्ही ट्रे त्यात रुतून बसले होते. पंगतीच्या आदल्या दिवशी सकाळी यमुताई जेवणाचं ताट घेऊन पडवीत आल्या. ताट लांबून सरकवलं आणि म्हणाल्या, "ट्रे निघून नाई राह्यले वं. तू करते तसं मी गरम पान्याचं पातेलं ठेवू का?"

हो म्हणायचं. एवढंच होतं. एक शब्द.

मी म्हटलं, "नको. तुम्हाला जमायचं नाही. उद्या सकाळी मी न्हाले की बघते."

त्यांनी मान डोलावली. त्या कधी वाद घालत नसत.

दुपारी घर शांत झालं. मामाजी आणि हे अडतीवर. आत्याबाई पुरणासाठी जास्तीचं पातेलं आणायला शेजारी गेल्या, म्हणजे गप्पा धरून तासाभराची निश्चिंती. यमुताई माडीच्या गच्चीवर वाळवणाची राखण करत होत्या, कावळे हाकलत. त्यांचा "हाड् हाड्" मला खाली ऐकू येत होता.

मी विचार करत पडले होते. उद्या सकाळी न्हाणार, मग बटण बंद करणार, पाणी ठेवणार, थर सुटणार, पुन्हा बर्फ जमायला सगळा दिवस जाणार. पंगत दुपारची. बर्फ होणार नाही. लोक म्हणणार, सून ग्रॅज्युएट आहे, म्हैस तिच्या ताब्यात आहे, आणि ऐन दिवशी बर्फ नाही. ट्रे आत्ताच सोडवले तर? ट्रेमधला बर्फ तर तयारच आहे.

तुम्ही म्हणाल, मग यमुताईंना खाली बोलावून सांगायचं. हो. सकाळी त्यांना "जमायचं नाही" म्हणून बसले होते ना.

मी उठले. अनवाणी स्वयंपाकघरात गेले. तो उंबरा त्या दिवसांत मी पहिल्यांदाच ओलांडला, आणि काय सांगू, ओलांडताना एक क्षण मला मोठं धैर्य केल्यासारखं वाटलं. बघा, मी मानत नाही हे असलं. कुणीही बघत नसताना!

पाणी तापवायचं तर चूल पेटवायला हवी, धूर होईल, यमुताई खाली येतील. वेळ नव्हता. बटणसुद्धा मी बंद केलं नाही. चुलीजवळ पोळ्या उलटायचा लोखंडी सराटा होता. तो घेतला. थरात खुपसला, हलला नाही. खलबत्त्यातला बत्ता घेतला आणि सराट्याच्या मुठीवर ठोकायला लागले. एक ट्रे सुटला. दुसरा सुटेना. जोरात ठोकला —

फुस्स.

साप फुत्कारावा तसा. आणि वास. आगपेटीतल्या सगळ्या काड्या एकदम नाकात पेटवाव्यात असा. डोळ्यांतून पाणी, घसा बंद. मला कळलं. क्षणात कळलं — पुस्तिकेतलं वाक्य डोळ्यांपुढे आलं, पानावर कुठे होतं तेही. मी काय केलं? बत्ता जागेवर ठेवला. सराटा आत अडकला होता, तो तसाच सोडला. तोंडाला पदर लावून पडवीत पळाले, दार लोटलं, अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडले.

वर "हाड् हाड्" थांबलं. जिन्यावर पावलं वाजली. यमुताईंचं खोकणं ऐकू आलं, मग खिडक्या उघडल्याचा आवाज, मग त्यांचं ओरडणं — "विमल! बाहेर अंगनात निघ वं, काहीतरी जळून राह्यलं!" त्यांना आधी माझी काळजी. स्वतः मात्र त्या आत थांबल्या. मी सांगितलेलं त्यांच्या लक्षात होतं. कोरड्या फडक्यानं त्यांनी वायर ओढून काढली, म्हशीचं दार पुरतं उघडलं, सराटा उपसून बाहेर काढला — हे मला मागाहून कळलं. शेजारून आत्याबाई धावत आल्या त्या याच वेळी.

त्यांना काय दिसलं असेल, सांगायला नको. यमुताईंच्या हातात सराटा.

संध्याकाळी मामाजी आले. मी पडवीत, दार अर्धं उघडं. सगळं ऐकू येत होतं.

"म्या नाई केलं, माय," यमुताई म्हणाल्या. एकदाच.

"मंग कोनं केलं?" मामाजींचा आवाज चढला. "म्हशीनं सोताच सोताले भोसकलं? घरात होतं कोन? आमी अडतीवर, तुही माय शेजारी, अन् सूनबाई तं दूर बसली."

सूनबाई तर दूर बसली. झालं. ज्या चालीला मी भर सभेत अडाणीपणा म्हटलं होतं, ती चाल माझ्यापुढे भिंत होऊन उभी राहिली. दूर बसलेली बाई म्हशीला शिवेल, तेही धोंड्याच्या आदल्या दिवशी, हे त्या घरात कुणाच्या मनातसुद्धा येणं शक्य नव्हतं. मी त्या भिंतीमागे बसून राहिले.

आत्याबाई दाराशी आल्या. "सूनबाई, तू तं सांगतलं होतं ना इले, लोखंड नाई लावाचं म्हनून?"

मी म्हटलं, "हो आत्याबाई. मी सांगितलं होतं. कितीदा तरी सांगितलं होतं."

यातला एक तरी शब्द खोटा आहे का? मी नंतर पुष्कळ वेळा तपासून पाहिलं आहे. एकही नाही. आजवरच्या माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं मी पूर्ण खऱ्या शब्दांत बोलले. शिक्षणाचा एवढा उपयोग मला तोवर झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाले, धुतलेलं लुगडं नेसले आणि स्वयंपाकघरात आले. यमुताई म्हशीच्या पोटातलं वितळलेलं पाणी फडक्यानं टिपत होत्या. त्यांचे डोळे सुजून लाल झाले होते, वायूनं की रडून, मी विचारलं नाही. खालच्या ट्रेमध्ये पाणी साचलं होतं, त्यात त्यांनी बोटं घातली, काहीतरी उचललं, उजेडाकडे धरलं.

काचेच्या हिरव्या बांगडीचा तुकडा.

मी माझ्या हाताकडे पाहिलं. ठोकताना कधीतरी वाढली होती — आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. इतका वेळ माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आत्याबाईंच्या हातात लाल बांगड्या. आणि यमुताईंच्या हातात तर नवरा गेल्यापासून बांगडी चढलीच नव्हती. तो तुकडा घेऊन त्या माजघरापर्यंत चालत गेल्या असत्या, आईच्या पुढे धरला असता — बोलायचीसुद्धा गरज नव्हती.

त्यांनी तुकडा पदराच्या टोकात बांधला. गाठ मारली. माझ्याकडे न बघता, हळू आवाजात, म्हणाल्या, "कासारीन येईल तं एक बांगडी भरून घे वं. सवाष्नीचा हात कमी दिसून राह्यला."

आणि पुन्हा पाणी टिपायला लागल्या.

मी तिथे उभी होते. हे लिहिताना हात थांबतो आहे. तेव्हा थांबायला हवा होता ना — जाणारा पाय. मी काय केलं? पुरण वाटायला घेतलं.

पंगत झाली. रस गरम वाढला. आत ठेवलेल्या रसाला तो वास लागला होता, तो फेकावा लागला, दुसऱ्या आंब्यांचा घाईनं काढला. जावईबापू सज्जन, त्यांनी दोनदा मागून घेतला. पण एका व्यापाऱ्यानं मामाजींना हसत विचारलंच, "काय पाटील, म्हैस आटली का?" मामाजी हसले नाहीत. यमुताईंना त्या दिवशी बाहेर येऊ दिलं नव्हतं. पांढऱ्या पायाची ती, जावयाच्या ताटासमोर नको, असं आत्याबाई म्हणाल्या. स्वतःच्या मुलीला. आणि कोठीच्या किल्ल्या त्यांच्या कमरेवरून माझ्या कमरेवर आल्या.

नागपूरहून मेकॅनिक आला. त्यानं नळी बघितली, भोक बघितलं, मान हलवली. हा वायू आता कुणी भरत नाही म्हणाला, जुन्या पेट्यांतच असायचा. म्हैस गेली.

अधिक संपला आणि वणीकडून पुन्हा निरोप आला. या वेळी मामाजींनी टाळलं नाही. तेव्हाही वेळ होता. निरोपाच्या आणि जाण्याच्या मध्ये पुष्कळ दिवस गेले. रोज सकाळी मी उठायची ती आज सांगायचं ठरवून, आणि रोज काहीतरी कारण मिळायचं. मामाजींचं डोकं दुखतंय. पाहुणे आहेत. मला दिवस गेल्यासारखं वाटतंय. शेवटचं खरं निघालं, आणि मग तर सगळे मला जपायला लागले. यमुताईच सगळ्यात जास्त. मला लिंबू कापून द्यायच्या, मीठ लावून.

"मामाजीले सांग" असं त्या मला पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत.

एसटीला निघताना त्यांच्याजवळ एक ट्रंक आणि एक बोचकं होतं. हे पोचवायला गेले. मी दारात. बाळंतपण जपून कर म्हणाल्या, आणि आत उभ्या असलेल्या त्या बंद म्हशीकडे हनुवटीनं दाखवून म्हणाल्या, "तिले रिकामी नको ठेवू. पापड ठेव तिच्यात. मुंग्या लागत नाई."

आम्ही ठेवले. आजही पापड-कुरडया त्यातच असतात. खरंच मुंग्या लागत नाहीत.

इथवर सांगून थांबता आलं असतं. भेकडपणा म्हणून तुम्हीही सोडून दिलं असतं कदाचित. पण खरी गोष्ट पुढेच आहे.

मुलगा दोन वर्षांचा झाल्यावर मी मुलींच्या शाळेत लागले. गृहशास्त्र शिकवते. त्यात शीतकपाटाची निगा असा एक धडा आहे. बहुतेक मुलींनी तसलं कपाट पाहिलेलंही नसतं, म्हणून मी धडा रंगवून सांगते. बटण बंद, वायर बाहेर, गरम पाण्याचं पातेलं, खायचा सोडा, लाकडी पळी. आणि मग, लोखंड का लावायचं नाही हे मुलींच्या डोक्यात पक्कं बसावं म्हणून — पहिल्या वर्षी अगदी सहज तोंडातून गेलं — मी म्हटलं, "एका घरी काय झालं माहीत आहे का मुलींनो? एका अडाणी बाईनं घाईघाईत सराटा खुपसला…"

मुली हसल्या. मी फुस्स करून दाखवलं. आणखी हसल्या.

दुसऱ्या वर्षी पुन्हा सांगितलं. तिसऱ्या वर्षी. आता वरच्या वर्गातल्या मुली खालच्यांना सांगून ठेवतात, बाई ती सराट्याची गोष्ट सांगतात, मस्त आहे. मी त्यात भर घातली आहे. ती बाई पुस्तिका उलटी धरून बघायची असं मी सांगते. तिला कितीदा सांगितलं तरी कळायचं नाही असं सांगते. दरवर्षी ती थोडी जास्त मूर्ख होते. दरवर्षी मी थोडी जास्त शहाणी.

कुणी जबरदस्ती केली होती? मामाजी ऐकत होते की आत्याबाई? शाळेत तर मला कुणाचीच भीती नव्हती.

मध्यंतरी वणीकडे एका लग्नाला जाणं झालं. त्या गावाची वाट तिथूनच फुटते. या वेळी सांगायचंच असं ठरवून मी एकटी गेले. यमुताई गोठ्याच्या बाजूच्या त्याच खोलीत होत्या, ज्या खोलीतून मामाजींनी त्यांना एकदा उचलून आणलं होतं. वाळल्या होत्या. बोटांना कपाशीच्या बोंडांनी पडलेल्या चिरा. मला बघून त्यांनी आरोळी ठोकून शेजारच्या बायका गोळा केल्या. "हे पाहा वं, हे आमची विमल! बी.ए. हाय! शाळेत मास्तरीन हाय!" मला माठातलं पाणी दिलं आणि डोळे मिचकावले. "थंड हाय ना? म्हशीबिगर."

मी त्यांना लुगडं नेलं होतं. ते दिलं. त्यांनी मुलाचं विचारलं, आत्याबाईंच्या गुडघ्यांचं विचारलं. बायका निघून गेल्या, आम्ही दोघीच उरलो. मी तोंड उघडलं.

"शाळेत काय शिकवते वं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "घरकाम. शिवण. असंच."

एवढ्यात एसटीचा हॉर्न वाजला. त्यापुढची मला धरता आली असती. मी हीच धरली.

या वर्षी तो धडा पुन्हा आला. मी गोष्ट सांगितली. पुढच्या बाकावरची एक मुलगी हसली नाही. तिनं हात वर केला आणि विचारलं, "बाई, मंग त्या बाईचं काय झालं?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "काही नाही. घरी गेली." आणि फळा पुसला.

म्हणून लिहिते आहे. यमुताईंना वाचता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच, आणि का येत नाही त्यात माझा वाटा किती तेही सांगितलं आहे. मी जाऊन तोंडानं सांगायला हवं. वणीची पहिली एसटी किती वाजता सुटते ते मला पाठ आहे. त्यापलीकडे माझ्या शब्दाला काय किंमत आहे, ते तुम्ही आता जाणता. मामाजींना वाचता येतं. ह्यांनाही. हे छापून आलं तर घरात वाचलं जाईल.

सराटा मी खुपसला. बत्त्यानं मी ठोकला. बटण मी बंद केलं नव्हतं, यमुताईंनी वायर काढली. बांगडी हिरवी होती, माझी होती. यमुताईंच्या हातात बांगड्या नव्हत्या.